सोळाचे तेरा

तोंडावर सगळे त्याला मिस्तरी म्हणत आणि पाठ वळली की काठोकाठ. टॅक्सी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं. एक खड्डा, दोन जॅक, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने आणि एक स्टूल. त्या स्टुलावर गिऱ्हाइकाने बसायचं नाही असा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. एकदा एक जण बसला होता, त्याला जे ऐकावं लागलं ते ऐकून बाकीचे आपोआप उभे राहायला शिकले.

काठोकाठ हे नाव पडलं त्याच्या मोजण्यावरून. गाडी अॅव्हरेज किती देते, म्हणजे एका लिटरात किती किलोमीटर जाते, हे छातीठोकपणे सांगणारा साऱ्या शहरात तो एकटा. पंपाचा पाइप टक् करून थांबला की लोकांना वाटतं टाकी भरली. ‘टाकी नाही भरली, तुमचं मन भरलं,’ असं तो म्हणायचा. पंपावर दोन नंबरच्या मशीनपाशी जमीन सपाट होती. गाडी तिथेच, त्याने चुन्याने आखलेल्या खुणेवर उभी करायची. टाकी भरत आली की मागे जाऊन दोन्ही हातांनी गाडीला हेलकावे द्यायचे, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड करत वर येते. मग पुन्हा ओतायचं, पुन्हा हलवायचं, तोंडाशी पेट्रोल दिसेपर्यंत. मग ठरलेला रस्ता. बाजार, इस्पितळाचा चढ, पूल, बाहेरचा मोठा रस्ता आणि धान्याच्या गोदामापाशी वळून परत. अठ्ठेचाळीस किलोमीटर, ना एक कमी ना एक जास्त. परत त्याच खुणेवर यायचं आणि लिटरच्या मापाने टाकी पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं मावलं तेवढं जळालं. या सगळ्याला पंपावर अर्धा तास लागायचा आणि मागच्या रांगेत हॉर्न वाजवणाऱ्यांना तो जे सुनवायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

राग हा त्याच्या नाकावर कायम मुक्कामाला होता. तो स्वस्त ऑइलवर रागवायचा, महाग ऑइलवर रागवायचा, गाडी उशिरा आणणाऱ्यावर आणि घाई करणाऱ्यावर रागवायचा. चहात साखर कमी पडली तर चहावाल्यावर, जास्त पडली तर स्वतःच्या डायबेटिसवर. राग वाईट असतो असं सांगणारे शहाणे पुष्कळ आहेत. पण याच्या रागामुळेच स्टँडवरच्या चाळीस टॅक्सींचे ब्रेक वेळेवर बदलले जात होते, हेही खरं. लोक त्याला घाबरत, त्याच्याबद्दल कुरकुरत आणि शेवटी गाडी त्याच्याकडेच आणत. कारण एकच. हा माणूस शिव्या देईल, पण मापात पाप करणार नाही.

बाप गेला तेव्हा काठोकाठ एकवीस वर्षांचा होता, बहीण सतरा आणि धाकटा भाऊ नऊ. धाकट्याला यानेच वाढवलं, यानेच पाना धरायला शिकवला. दोघांनी वीस वर्षं त्याच खड्ड्यात काम केलं. चार वर्षांपूर्वी एका गाडीच्या ऑइलचा नट धाकट्याच्या हातून ढिला राहिला आणि काठोकाठने त्याला भर गल्लीत, सहा गिऱ्हाइकांसमोर सोलून काढलं. ‘बापाचं वळण लागलं नाही आणि माझं लावून घ्यायची अक्कल नाही’ असं काहीतरी शेवटी बोलला. धाकट्याने नट घट्ट केला, हात पुसले, पाना त्याच्या जागी टांगला आणि जो गेला तो पुन्हा त्या गल्लीत आला नाही. त्याने दुकान टाकलं ते मात्र बरोबर स्टँडच्या समोर. काचेची दारं, पांढरेशुभ्र दिवे, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे ओळीने टांगलेले जाडजूड सायलेन्सर. काठोकाठ त्याला भोंग्यांचं दुकान म्हणायचा. एरवी त्या दुकानाचं नाव त्याच्या घरात निघत नसे.

बहिणीला दोघेही ताई म्हणत. नवरा गेल्यावर तिने त्याची टॅक्सी विकली नाही, लायसन काढलं आणि स्वतः चालवायला बसली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. तिची गिऱ्हाइकं ठरलेली. इस्पितळात जाणारी म्हातारी माणसं, नुकत्याच बाळंत झालेल्या बायका. ताईने ब्रेक कधी दाबला हे मागे बसलेल्याला कळत नसे. तिची गाडी सोळाचं अॅव्हरेज द्यायची. काठोकाठ दर वर्षी स्वतः मोजायचा आणि दर वर्षी अठ्ठेचाळीस किलोमीटरला बरोबर तीन लिटर.

त्या दिवशी सकाळी तो खड्ड्यात उतरून एका गाडीचं ऑइल कुठून गळतंय ते बघत होता. गल्लीच्या तोंडाशी आवाज झाला. आवाज कसला, रेडकाच्या घशात काही अडकावं आणि त्याने हंबरायचं थांबूच नये, तसा. तो आवाज दारापर्यंत आला आणि थांबला.

‘कोण आहे रे तो शहाणा?’ काठोकाठ खड्ड्यातूनच ओरडला.

‘मी आहे, दादा,’ ताईचा आवाज आला.

तो वर आला. ताईच्या गाडीला मागे मनगटाएवढ्या नळीच्या जागी दंडाएवढी चकचकीत नळी लागली होती. त्याने न बोलता बॉनेट उघडलं. हवा गाळणाऱ्या फिल्टरचा काळा डबा गायब होता आणि त्या जागी लाल रंगाचा उघडा शंकू बसवलेला होता, इंजिनाच्या गरम हवेत तोंड खुपसून.

‘कोणी केलं हे?’ विचारायची गरज नव्हती, तरी त्याने विचारलं.

‘धाकट्यानं. फुकट लावून दिलं. म्हणाला, ताई, तुझी गाडी दिवसभर स्टँडवर असते, सगळ्यांना दिसेल.’

‘दिसेल? अगं, ऐकू येईल! पलीकडच्या शहरात ऐकू येईल!’

‘माझी इस्पितळाची आजी कापूस घालून बसते आता कानात,’ ताई म्हणाली. ‘पण तो म्हणतो अॅव्हरेज वाढतं. सोळाचे एकोणीस होतात.’

काठोकाठच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘कसे होतात? मला सांग, कसे होतात? तू पाय ठेवतेस अॅक्सिलरेटरवर. त्याने हवेच्या वाटेतली थ्रॉटलची चकती उघडते. तू चालवतेस तेव्हा ती अर्धीसुद्धा उघडत नाही. दारच अर्धं लावलेलं असताना बाहेरचं अंगण मोठं करून काय उपयोग? हवा जायची तेवढीच जाणार! आणि समजा गेली जास्त, तर आतला कॉम्प्युटर काय झोपलाय? हवा मोजतो आणि त्या मापात पेट्रोल सोडतो. हवा जास्त तर पेट्रोल जास्त. फायदा कुठून आला? पी हळद अन् हो गोरी!’

‘मला कशाला ओरडतोस? मी लावलं का?’

पण तोपर्यंत तो फडक्याला हात पुसत रस्त्याकडे निघाला होता. चार वर्षांत पहिल्यांदा तो त्या काचेच्या दारासमोर उभा राहिला. दारावर हातभर बोर्ड होता. ‘हवा मोकळी, धूर मोकळा! सोळाचे एकोणीस!’

‘उतरव तो बोर्ड,’ काठोकाठ म्हणाला.

‘नमस्कार दादा,’ धाकटा म्हणाला. ‘ये ना, बस.’

‘बसायला नाही आलो. गरीब ड्रायव्हरांना टोप्या घालतोस? लाज वाटत नाही?’

‘टोप्या कसल्या? मी गाडीत बसवून दाखवतो लोकांना. समोरच्या पडद्यावर आकडा येतो. एकोणीस.’

‘पडद्यावर!’ काठोकाठ एवढ्या जोराने ओरडला की स्टँडवरचे ड्रायव्हर रस्ता ओलांडून बघायला आले. फुकटचा तमाशा कोण सोडतं? त्यांच्यात स्टँडचा पुढारीही होता, सगळे त्याला मामा म्हणत. मामाने दोघांना बोलू दिलं, दम लागेपर्यंत. मग म्हणाला, ‘मिस्तरी, भांडता कशाला? तुम्हीच मोजा. ताईची गाडी आहेच. सोमवारी सकाळी आकडा सांगा. वाढत असेल तर आम्ही चाळीसच्या चाळीस जण लावून घेऊ, नसेल तर विषय संपला.’

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याचं दुकान चार वर्षांत धड उभं राहिलं नव्हतं. चाळीस गाड्यांचं सामान त्याने याच आशेवर आणून ठेवलं होतं, मागच्या खोलीत खोकी छतापर्यंत गेली होती. स्टँडने घेतलं तर दुकान तरणार होतं, नाही घेतलं तर दार लावायची वेळ. हे त्याला माहीत होतं आणि स्टँडवरच्या प्रत्येकालाही.

‘मोजू दे,’ धाकटा म्हणाला. ‘दादा रागवेल, पण मापात पाप करणार नाही.’

रविवारी सकाळी काठोकाठ आणि ताई पंपावर गेले. गाडी खुणेवर लागली, हेलकावे झाले, टाकी तोंडापर्यंत भरली. मोजताना गाडी नेहमी तोच चालवायचा. ताई शेजारी बसली.

बाजारातून निघताना त्याने गाडीचा आवाज पहिल्यांदा आतून ऐकला आणि त्याचं डोकं फिरलं. प्रत्येक गिअरला ती नळी धाकट्याच्या आवाजात काहीतरी बोलत होती असं त्याला वाटायला लागलं. ‘ये ना दादा, बस.’ मला बस म्हणतो! ज्याला मी चड्डीची नाडी बांधायला शिकवली तो मला गिऱ्हाइकासारखं बस म्हणतो! इस्पितळाच्या चढावर पुढे एक टेम्पो होता, त्याने त्याला हॉर्न मारत मागे टाकलं. फाटक्या आवाजाने रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, तसा तो त्यांच्यावरही चिडला. ‘बघताय काय? नळी कधी पाहिली नाही?’ पुलावरून उतरल्यावर मोठ्या रस्त्यावर तर पाय वर यायलाच तयार नव्हता. ताईने खिडकीवरची दांडी धरली होती.

‘दादा, जरा हळू,’ ती एकदा म्हणाली.

‘मला गाडी चालवायला शिकवू नकोस!’

परत आल्यावर त्याने लिटरचं माप घेतलं. एक ओतलं, दोन ओतली, तीन ओतली आणि तरी पेट्रोल दिसेना. आणखी सातशे मिली गेलं तेव्हा कुठे टाकी काठाला आली. त्याने मनात भागाकार केला. तेरा. जेमतेम तेरा. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत पंपवाल्याने न पाहिलेली गोष्ट दिसली, तो हसत होता.

सोमवारी स्टँडवर तो बोलायला उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज पार समोरच्या दुकानात जात होता, आणि तो जावा म्हणूनच तो ओरडत होता. ‘सोळाचे एकोणीस नाहीत! सोळाचे तेरा! लिटरमागे तीन किलोमीटर या भोंग्यानं खाल्ले!’

धाकटा रस्ता ओलांडून आला. त्याचा चेहरा उतरला होता. ‘तेरा? दादा, तेरा कसे होतील? एकोणीस नसतील... म्हणजे थोडं इकडेतिकडे असेल. पण तेरा? मापात काही गडबड तर...’

‘मापात पाप?’ काठोकाठ म्हणाला. ‘मला म्हणतोस? तीस वर्षांत कोणाची ही हिंमत झाली नाही! स्वतः खोटा धंदा करायचा आणि वर चोराच्या उलट्या बोंबा! अरे, नट घट्ट करता येत नव्हता तुला, म्हणून तर भोंगे विकायला बसलास. हातात कसब असतं तर काचेमागे लपायची वेळ आली असती?’

मामाने जमिनीकडे पाहिलं. धाकटा तसाच वळला आणि गेला. चाळीसपैकी एकाही ड्रायव्हरने त्याच्या दुकानाची पायरी चढली नाही आणि तिसऱ्या दिवशी काचेवर कागद लागला, ‘दुकान भाड्याने देणे आहे.’

त्या तीन दिवसांत काठोकाठ कोणावरही ओरडला नाही. घरची मंडळी हबकली. त्याने गॅरेजमध्ये खड्ड्याच्या कडा घासून काढल्या. चार वर्षांत ज्याला हात लागला नव्हता त्या दुसऱ्या जॅकला ऑइल दिलं. बायको डबा घेऊन आली तर हा एक एक पाना फडक्याने पुसत होता.

‘अहो, कोणासाठी चाललंय हे?’

‘कोणासाठी म्हणजे? गंज चढतो,’ तो म्हणाला. बायको काय समजायचं ते समजली. तीस वर्षं संसार करून एवढं न कळायला ती काही दुधखुळी नव्हती.

चौथ्या दिवशी ताई आली. गाडी दारात लावून आत आली आणि गिऱ्हाइकाने बसायचं नाही त्या स्टुलावर बसली.

‘दुकानावर कागद लागलाय,’ ती म्हणाली.

‘पाहिला मी.’

‘दादा, दोन आठवडे झाले, ती नळी लावून मी गाडी चालवतेय. रोज तेवढीच हिंडते. रोज जेवढं पेट्रोल टाकत होते तेवढंच टाकते. जास्त नाही आणि कमीही नाही.’

‘तुला काय कळतंय त्यातलं?’

‘मला माझी गाडी कळते. चल पंपावर. तोच रस्ता, तीच खूण. मी चालवते, तू शेजारी बस.’

‘मोजताना मीच चालवतो.’

‘म्हणूनच म्हणते, मी चालवते.’

त्याला राग आला, पण ताई उठेना. शेवटी गेला. टाकी स्वतः भरली, हेलकावे स्वतः दिले, ताईला मापाला हातसुद्धा लावू दिला नाही. ताई रोजच्यासारखी निघाली. इस्पितळाच्या चढावर पुढे एक ट्रक होता. ती त्याच्या मागे शांतपणे चढली. ती नळी मागे हळू घुरघुरत होती, जेवून झोपलेल्या माणसासारखी. काठोकाठला तो आवाज ओळखू येईना. मोठ्या रस्त्यावर तो तीनदा म्हणाला, ‘जरा दाब की!’ ताईने दाबलं नाही.

परत आल्यावर त्याने ओतलं. एक, दोन, तीन. आणि पन्नास मिलीवर पेट्रोल तोंडाशी आलं. त्याने गाडीला पुन्हा हेलकावे दिले, अंगातलं सगळं बळ लावून दिले. बुडबुडा आला नाही. तीन लिटर आणि पन्नास मिली. पावणेसोळा. एवढा फरक तर उलट्या वाऱ्यानेही पडतो.

तो माप हातात धरून उभा राहिला.

‘तूच सांगितलंस मला,’ ताई म्हणाली. ‘दार अर्धं लावलेलं असताना अंगण मोठं करून फायदा नाही. मग तोटा तरी कुठून झाला असता, दादा? धाकटा लोकांना दाखवताना अंड्यावरून चालल्यासारखी चालवतो, तेव्हा एकोणीस. मी रोज चालवते, तेव्हा सोळा. आणि त्या दिवशी तू चालवलीस, तेव्हा तेरा.’

‘त्या दिवशी...’ तो म्हणाला आणि थांबला. चढावरचा टेम्पो त्याला आठवला. दांडीला धरलेला ताईचा हात आठवला. राग होता भावावर आणि काढला अॅक्सिलरेटरवर. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच, आणि वर तेच तेल त्याने मापाने मोजून, स्टँडवर उभं राहून, भावाच्या नावावर लावलं होतं.

मग त्याला ताईचाच राग आला. ‘तू शेजारी बसली होतीस ना? दिसत होतं ना तुला? मग तेव्हाच का नाही बोललीस? सोमवारी सगळ्यांसमोर का नाही बोललीस?’

‘बोलले होते. जरा हळू चालव म्हणाले.’

‘एकदा!’

‘तुला दुसऱ्यांदा कोण सांगणार?’ ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती चिडली होती, तीस वर्षांचं सगळं साचून. ‘आम्ही लहानपणापासून तुला एकदाच सांगतो. तू ओरडलास की गप्प बसतो. तो नऊ वर्षांचा असल्यापासून गप्प बसत होता, एक दिवस उठून गेला. तुला वाटतं नट ढिला राहिला म्हणून गेला?’

मागे रांगेत कोणीतरी हॉर्न वाजवला. काठोकाठ त्याला काही बोलला नाही. ‘बाहेर काढ गाडी,’ एवढंच ताईला म्हणाला. ‘स्टँडवर जायचंय.’

दुपारची वेळ होती. बहुतेक ड्रायव्हर सावलीत बसले होते. काठोकाठ सरळ मामासमोर जाऊन उभा राहिला.

‘सोमवारी मी आकडा सांगितला तो चूक होता,’ तो म्हणाला. क्षमा मागायचीही त्याची तीच तऱ्हा, समोरच्याने काही गुन्हा केल्यासारखी. ‘तेरा त्या नळीचे नाहीत, माझ्या पायाचे आहेत. मी रागात होतो. ताईनं चालवली तर पावणेसोळा आले. म्हणजे ती नळी लावली काय आणि नाही लावली काय, आवाजापलीकडे काही होत नाही. एकोणीस तर नाहीतच. ते खोटंच आहे. पण तेरा हेही खोटं.’

ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, ‘मिस्तरी, मग आजवर मोजलेल्या आमच्या गाड्यांचं काय? तेव्हा राग नव्हता का?’

कोणीतरी हसलं. काठोकाठ हसणाऱ्याकडे वळला, तोंड उघडलं आणि मिटलं. कारण प्रश्न बरोबर होता. तीस वर्षांत तो कोणकोणत्या दिवशी रागात नव्हता, हे त्याला आठवून सांगता आलं नसतं.

‘पुन्हा मोजून देईन,’ तो म्हणाला. ‘ज्याची गाडी त्यानं चालवायची. मी फक्त ओतीन.’

‘सामान तर आम्ही तरीही घेणार नाही,’ मामा म्हणाला. ‘नुसत्या आवाजाला काय चाटायचंय? पण बरं झालं सांगितलंत.’ मग त्याने मान वळवली, कारण धाकटा रस्ता ओलांडून आला होता. कोणीतरी त्याला बोलावून आणलं होतं, किंवा काचेआडून त्याने स्वतःच पाहिलं असेल.

धाकटा भावासमोर येऊन उभा राहिला. खरं तर एकेकाळी ही जागा काठोकाठची असायची, ओरडायला उभं राहायची. पण धाकटा ओरडला नाही.

‘ऐकलं मी सगळं,’ तो म्हणाला. ‘एकोणीस मी खोटं बोललो. मला माहीत होतं. पाय हलका ठेवायचो आणि पडद्यावरचा आकडा दाखवायचो. पोटासाठी बोललो. या सगळ्यांसमोर कबूल करतो.’ तो एक पाऊल पुढे आला. ‘पण दादा, तू? दादा मापात पाप करणार नाही, असं मीच सांगितलं होतं सगळ्यांना. स्वतःचं दुकान पणाला लावून सांगितलं होतं. मी खोटं बोललो ते पोटासाठी. तू कशासाठी बोललास?’

ताई गाडीपाशी उभी होती, तिने थोरल्या भावाकडे पाहिलं. बोल, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. आता तरी बोल.

काठोकाठच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तू परत यावास म्हणून. चार शब्द. चार वर्षं झाली, ते तिथेच, दातांच्या आत होते. लहान पोरालाही बोलता आले असते. पण त्याला बोलायची एकच पट्टी ठाऊक होती, आणि त्या पट्टीत हे शब्द बसेनात. चाळीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

‘आधी तो बोर्ड उतरव!’ तो ओरडला.

ताईने कपाळाला हात लावला. धाकटा थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणखी काही येतंय का याची वाट बघत असावा. मग म्हणाला, ‘उतरवतो.’

त्याने तो त्याच दुपारी उतरवला. संध्याकाळपर्यंत खोकी एका टेम्पोत गेली, दिवे काढले गेले आणि दुकानाची किल्ली मालकाकडे पोचली. गॅरेजच्या गल्लीचं तोंड त्या दुकानापासून पन्नास पावलांवर होतं. काठोकाठ दारात उभा होता. धाकटा टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसला आणि टेम्पो दुसऱ्या बाजूने निघून गेला.